सशांची हगवण – कारणे व प्रतिबंध

आमचा गोंदिया जिल्हा धानाचा. १ मे १९९९ रोजी तो भंडारा जिल्ह्यातून वेगळा निघाला, तरी वैनगंगेच्या खोऱ्यातील बांध्या, कोहळी लोकांनी बांधलेले जुने तलाव आणि पावसाकडे लागलेले डोळे हे सर्व पूर्वीप्रमाणेच आहे. धान विकून आलेला पैसा देण्याघेण्यात जाऊन होळीपर्यंत शेतकऱ्याचा हात रिकामा होतो, आणि मग वर्षाचे उरलेले महिने काही जोडधंदा असल्यावाचून निभत नाहीत. शेळ्या, कोंबड्या व तलावातील मासे हे आमचे जुने जोडधंदे होत. अलीकडे त्यांत कोठे कोठे सशांची भर पडू लागली आहे.

ससे पाळण्याचा हिशेब कागदावर फार गोड दिसतो. मादी ३० ते ३१ दिवसांत विते, एका वेतास बहुधा सहा ते आठ पिल्ले देते, जागा थोडी लागते, आणि खाणे म्हणजे मुख्यतः गवत. परंतु कागदावरचे हिशेब लिहिण्यातच आमचा जन्म गेला असल्यामुळे, पीकपाहणीचा कागद आणि प्रत्यक्ष बांधी यांत अंतर असते हेही आम्हांस ठाऊक आहे. सशांच्या बाबतीत हे अंतर पाडणारा मोठा रोग म्हणजे हगवण. पिल्लू महिना-दीड महिन्याचे होते, अंगाने भरते, उद्या त्याचे दोन पैसे होतील असे वाटू लागते. आणि एके सकाळी ते पिंजऱ्यात ओल्या शेपटीने मरून पडलेले आढळते. एकामागून दुसरे, दुसऱ्यामागून तिसरे, असे आठवड्याभरात सारे वेत संपते.

आम्ही पशुवैद्य नव्हे. तहसील कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले एक सामान्य गृहस्थ आहो. तथापि ह्या रोगाने आमच्या घरी नुकसान केले, त्यात आमची स्वतःची चूक मोठी होती, आणि ती चूक दुसऱ्या कोणाकडून होऊ नये म्हणून हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहो.

आमच्या घरची हकीकत

आमच्या धाकट्या भाच्याच्या वाट्यास दोन एकर धानाची जमीन आली आहे. तेवढ्यावर त्याचे भागेना, तेव्हा ससे पाळण्याचा सल्ला आम्हीच त्यास दिला. त्याने दोन शेळ्या विकल्या आणि न्यूझीलंड व्हाइट जातीचा एक नर व तीन माद्या आणल्या. त्याच्या घरी जागा नसल्यामुळे पिंजरे आमच्या परसातील छपराखाली ठेवले. कारकुनाची सवय सुटत नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून पाच रकान्यांची एक नोंदवही घातली. हवा कशी, खाणे काय व किती दिले, लेंडी कशी पडली, जन्मले किती व मेले किती, असे ते पाच रकाने होत.

पहिल्या पावसाळ्यात दोन माद्या व्याल्या व तेरा पिल्ले झाली. मादी लवकर फळावी ह्या हव्यासाने आम्ही पिल्ले तिसाव्या दिवशी आईपासून तोडली. पावसाची झड लागलेली. धुऱ्यावरचे गवत कापून आणावे तर ते ओले, आणि वाळलेले गवत आधी साठविलेले नाही. जवळच्या धानाच्या गिरणीतून कणी व बारीक कोंडा स्वस्तात मिळाला. पिल्लांनी तो आवडीने खाल्ला, आणि ती खातात ह्याचाच आम्हांस आनंद वाटला. सहाव्या दिवशी एका पिल्लाने खाणे सोडले. ते पाठीस कुबड काढून, डोळे अर्धवट मिटून कोपऱ्यात बसले. पोट फुगलेले, आणि हातात धरून हलविले असता आत पाणी डचमळल्यासारखा आवाज. रात्री तपकिरी रंगाची पातळ हगवण सुरू झाली व सकाळी ते मेले. पंधरा दिवसांत तेरापैकी नऊ गेली.

भाचा म्हणाला, “मामा, शेळ्या ठेवल्या असत्या तर निदान दोन पाठी तरी हाती राहिल्या असत्या.” आमच्यापाशी त्यास उत्तर नव्हते.

पुढील प्रकार ह्याहून वाईट घडला. काही दिवसांनी पहाटे एका मादीच्या खाली द्राक्षांच्या लहान घडासारखी, चकचकीत, चिकट व उग्र वासाची विष्ठा पडलेली दिसली. आता मोठ्या जनावरांसही रोग लागला, असे समजून आम्ही घाबरलो. नातवाच्या खोकल्यासाठी आणलेल्या अमॉक्सिसिलिनच्या काही कॅप्सूल घरात उरल्या होत्या. त्या पाण्यात कालवून आम्ही त्या मादीस पाजल्या, आणि सावधगिरी म्हणून शेजारच्या मादीसही पाजल्या. तिसऱ्या मादीस द्यावयास औषध पुरले नाही. चौथ्या दिवशी औषध घेतलेल्या दोन्ही माद्यांनी खाणे सोडले, त्यांस खरोखरीची हगवण लागली, आणि दोन दिवसांच्या आत त्या दोन्ही मेल्या. जिला औषध पुरले नाही ती जगली. ही नोंद आमच्याच हाताने वहीत केलेली आहे.

दुसरी मेलेली मादी घेऊन आम्ही सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. तेथील डॉक्टरांनी तिचे पोट उघडून आतील मोठी पिशवी वायूने व पाण्याने फुगलेली दाखविली. मग त्यांनी तीनच प्रश्न विचारले: खाण्यास काय देता, पिल्ले कितव्या दिवशी तोडता, आणि औषध कोणते दिले? आमची उत्तरे ऐकून ते म्हणाले, “बाबूजी, तुम्ही ज्याला हगवण समजलात ते तिचे खाणे होते. आणि जे औषध दिलेत, त्यानेच ती गेली.”

त्यांनी त्या दिवशी जे समजाविले, आणि पुढे आम्ही ग्रंथांतून व अनुभवाने जे पडताळून घेतले, ते येथे क्रमाने सांगतो.

सशाचे पोट

गाय चारा खाते तो प्रथम पुढच्या कप्प्यांत आंबतो व नंतर खऱ्या जठरात जातो. सशाचे याच्या उलट आहे. त्याचे जठर एकच, साधे. चारा आंबविण्याची जागा मात्र लहान आतड्याच्या पुढे, जेथे मोठे आतडे सुरू होते तेथे आहे. ती एका टोकास बंद असलेली मोठी पिशवी असते, तिला आपण आंधळे आतडे म्हणू. सशाच्या अन्नमार्गात जेवढा ऐवज असतो त्यापैकी सुमारे ४० टक्के ह्या एका पिशवीत असतो. तीत असंख्य उपकारक जंतू राहतात व तेच गवत आंबवून सशास पोसतात. ससा पाळणे म्हणजे एका अर्थी ह्या जंतूंचा कळप पाळणे होय.

मोठ्या आतड्यात चाऱ्याची वाटणी होते. जाड तंतू पुढे ढकलले जातात व त्यांची कोरडी, गोल लेंडी पडते. बारीक कण व रस मागे आंधळ्या आतड्यात परत जातात, तेथे आंबतात, आणि त्यांपासून मऊ लेंड्यांचा घड तयार होतो. हा घड ससा बाहेर पडताक्षणीच तोंड लावून खातो. त्यात प्रथिने व ब जीवनसत्त्वे असतात, आणि ती दुसऱ्या फेरीत त्याच्या अंगी लागतात. पाळणाऱ्याच्या दृष्टीस हा घड सहसा पडत नाही. ससा फार लठ्ठ झाला, अथवा त्यास खुराक जास्त झाला, म्हणजे तो हा घड तसाच टाकून देतो. सबब पिंजऱ्यात असा घड दिसल्यास औषधाकडे धावू नये. खुराक कमी करून वाळले गवत वाढवावे. पाण्यासारखी पातळ विष्ठा, अथवा नुसता शेंबडासारखा चिकट आव, ही मात्र रोगाची खूण समजावी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सशास वांती होत नाही. जे पोटात गेले ते मागल्या वाटेनेच निघाले पाहिजे, आणि ती वाट चालू ठेवण्याचे काम चाऱ्यातील जाड तंतू करतात. तंतू कमी पडले की आतड्याची हालचाल मंदावते व आतला ऐवज साचून सडू लागतो.

हगवण का लागते

कणी, शिळा भात, पोळीचे तुकडे, ज्वारीचे पीठ, ही सर्व पिठूळ खाणी होत. थोडी दिली तर लहान आतड्यातच पचतात. जास्त झाली, अथवा पिल्लाची पचनशक्ती कोवळी असली, म्हणजे न पचलेले पीठ आंधळ्या आतड्यात उतरते. तेथे उपकारक जंतूंबरोबर काही दुष्ट जंतूही थोड्या संख्येने राहत असतात. एरवी त्यांचे काही चालत नाही. परंतु आयते पीठ मिळाले, तंतू कमी पडले, आणि आतड्याची गती मंदावली, म्हणजे हेच जंतू काही तासांत वाढतात व विष सोडतात. आपल्याकडे शेळ्यामेंढ्यांस पावसाळ्याच्या तोंडी आंत्रविषाराची लस टोचतात, हे वाचकांस माहीत आहे. कोवळा चारा अगर धान्य अधाशीपणाने खाल्ले असता तो रोग होतो. सशांच्या हगवणीतील मुख्य जंतू त्याच कुळातला आहे. त्याचे नाव क्लॉस्ट्रिडियम स्पायरोफॉर्म. मात्र त्याचे विष निराळे असल्यामुळे शेळ्यांच्या लसीवर सशांच्या बाबतीत भिस्त ठेवू नये.

जंतू आतड्यात राहून नुसत्या विषाने जनावरास कसे मारतो, ही शंका आमच्याही मनात आली होती. तिचे उत्तर आपल्याच देशात, आणि तेही सशाच्याच आतड्यावर मिळाले आहे. कलकत्त्याचे डॉ. शंभूनाथ डे यांनी १९५३ साली सशाच्या आतड्याचा भाग दोन ठिकाणी बांधून त्यात पटकीचे जंतू सोडले, तेव्हा तो भाग पाण्याने फुगून आला. पुढे १९५९ साली त्यांनी जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सोडला, तरी तोच परिणाम झाला. म्हणजे आतड्यात पाणी ओतविणारे ते जंतूचे विष होय, हे सिद्ध झाले. पटकीचा जंतू निराळा व सशांच्या हगवणीचा निराळा. त्यांची विषे व ती काम करण्याची रीतही निराळी. तथापि थोड्या तासांत अंगातले पाणी आतड्यात उतरून जनावर का खचते, हे यावरून समजते.

पिल्लांस धोका अधिक का, तेही पाहू. मादी दिवसातून बहुधा एकदाच, तीही थोडी मिनिटे, पिल्लांस पाजते. दूध पिणाऱ्या पिल्लाच्या जठरात मोठ्या सशाइतका आंबटपणा नसतो; त्याचे रक्षण दुधातील काही स्निग्ध द्रव्ये करतात. मोठ्या सशाच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते की बाहेरून आलेले बहुतेक जंतू तेथेच मरतात. दूध तुटले आणि आम्ल अजून पुरते आले नाही, असा जो मधला काळ, त्यात पिल्लास दोन्ही कवचे नसतात. तोडल्यापासूनचे पहिले दोन-तीन आठवडे म्हणूनच घातक. आमची नऊ पिल्ले ह्याच काळात गेली.

न्यू साउथ वेल्सच्या सरकारने १८८७ साली रानसशांचा उच्छेद करण्याचा उपाय सांगणाऱ्यास २५,००० पौंडांचे बक्षीस लावले होते. फ्रान्सचे पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याचे जंतू खाण्यातून सशांस द्यावे असे सुचविले व १८८८ साली आपली माणसे सिडनीस पाठविली. परंतु तेथील समितीने तो उपाय मान्य केला नाही. एवढा मोठा शास्त्रज्ञ जे साधू शकला नाही, ते आमच्या परसात चार पायली कणीने साधले, असे म्हणण्याची पाळी आम्हांवर आली.

इतर जंतू व हगवणीचे इतर प्रकार

दुसरा जंतू म्हणजे एशेरिकिया कोलाय. हा सर्व प्राण्यांच्या आतड्यात असतो, पण त्याच्या काही जाती फार मारक आहेत. दूध पिणाऱ्या अगदी लहान पिल्लांस पिवळी पाण्यासारखी हगवण लागून सगळे वेत एकदम गेले, तर ह्याचा संशय घ्यावा.

तिसरा रोग टायझर यांच्या नावाने ओळखला जातो. अमेरिकेतील ह्या शास्त्रज्ञाने तो १९१७ साली प्रथम उंदरांत पाहिला. ह्याचा जंतू क्लॉस्ट्रिडियमच्याच कुळातला असून त्याची बीजे बिछायतीत व मातीत पुष्कळ काळ टिकून राहतात. दीड ते तीन महिन्यांची पिल्ले बहुधा ह्याला बळी पडतात व एक-दोन दिवसांतच मरतात. मेलेल्या पिल्लाच्या यकृतावर बारीक पांढरे ठिपके दिसतात. गर्दी, उष्णता व अस्वच्छता ही ह्या रोगाची मित्रमंडळी होत.

चौथा जंतू साल्मोनेला. तो सशांत इतरांच्या मानाने कमी आढळतो, पण माणसासही लागतो. म्हणून हगवण लागलेल्या सशास हात लावल्यावर साबणाने हात धुवावे, व लहान मुलांस त्या पिंजऱ्याजवळ जाऊ देऊ नये.

ह्यांखेरीज जंतूंमुळे न होणारी, पण दिसण्यात तशीच असणारी एक हगवण आहे. ती कॉक्सिडिया नावाच्या अतिसूक्ष्म परोपजीवींमुळे होते. हे जीव लेव्हेनहुक यांनी १६७४ सालीच सशाच्या पित्तात सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. आपल्या दमट पावसाळ्यात हा रोग फार. त्याचे औषध निराळे असल्याने नुसत्या डोळ्यांनी निदान करणे म्हणजे मोजणी न करता हद्द ठरविण्यासारखे आहे. दवाखान्यात ताजी लेंडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास उलगडा होतो.

औषधाविषयी इशारा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहिला ती सांगतो. माणसासाठी आणलेली जंतुनाशक औषधे सशास तोंडावाटे कधीही देऊ नयेत. पेनिसिलिन, अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन आणि एरिथ्रोमायसिन ही औषधे पोटात गेली असता आंधळ्या आतड्यातील उपकारक जंतू मरतात, आणि ज्यांवर ह्या औषधांचा अंमल पुरेसा चालत नाही ते दुष्ट जंतू मोकळे रान मिळून फोफावतात. शेतातील पीक कापून टाकून तण ठेवण्यासारखाच हा प्रकार होय. परिणाम लगेच दिसत नाही. दोन-चार दिवसांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतो. त्यामुळे औषधाने मेला असे कोणास वाटत नाही, रोगानेच मेला असे वाटते. आमच्या वहीत तारखा नसत्या तर आम्हांसही तसेच वाटले असते.

सशास सोसणारी औषधे आहेत, परंतु ती कोणती, किती व कोणत्या वाटेने द्यावयाची, हे पशुवैद्याने ठरवावे. गाईम्हशींसाठी आणलेली बाटली, अथवा कोंबड्यांच्या पाण्यात टाकावयाची पूड, ही अंदाजाने सशास देऊ नये.

प्रतिबंध

ह्या रोगात उपायापेक्षा प्रतिबंध स्वस्त आहे. आम्ही पाळतो ते नियम येणेप्रमाणे.

पहिला नियम वाळल्या गवताचा. सशासमोर वाळलेले गवत अष्टौप्रहर असलेच पाहिजे. धानाचे तणस आपल्याकडे मुबलक, पण ते ससा आवडीने खात नाही व त्यात कसही नाही. ते बिछायतीस ठीक. पावसाळा सरता सरता धुऱ्यावरचे व पडीतले मारवेल, हरळी यांसारखे मऊ गवत फुलोऱ्यावर असताना कापावे, उन्हात खडखडीत वाळवावे, आणि माळ्यावर अथवा उंच मचाणावर रचून ठेवावे. कुसळे धरलेले गवत घेऊ नये, ती तोंडात रुततात. बुरशीचा वास येणारे गवत, कोंडा अगर ढेप जनावरापुढे टाकूच नये. उकिरड्यावर टाकलेली परवडते.

दुसरा नियम खुराकाचा. मोठ्या सशास दिवसाकाठी सुमारे १०० ते १२५ ग्रॅम मिश्र खुराक पुरे. विकतचा खुराक घेतल्यास पिशवीवरील मजकूर वाचून तंतूंचे प्रमाण निदान १४ ते १६ टक्के आहे असे पाहावे. पिल्लांस कणी, भात व पीठ अजिबात देऊ नये. बारीक दळलेला कोंडा एकटा देऊ नये.

तिसरा नियम बदलाचा. खाणे एकाएकी बदलू नये. नवा चारा अथवा नवा खुराक सुरू करावयाचा तर जुन्यात थोडा थोडा मिसळून सात ते दहा दिवसांत पुरता बदल करावा. पहिल्या पावसानंतरचे लुसलुशीत गवत हेही नवेच खाणे होय. ते कापून, पसरून, सुकवून, प्रथम मूठभरच द्यावे.

चौथा नियम पिल्ले तोडण्याचा. पिल्ले तिसऱ्या आठवड्यापासून कुरतडू लागतात. तेव्हापासूनच त्यांच्यापुढे मऊ वाळले गवत असावे, म्हणजे आतड्यातील उपकारक जंतूंचा जम बसतो. पाच ते सहा आठवड्यांआधी तोडण्याची घाई करू नये. तोडताना पिल्ले हलवू नयेत, मादी दुसऱ्या पिंजऱ्यात न्यावी. जागा तीच राहिली म्हणजे पिल्लांस धक्का कमी बसतो.

पाचवा नियम जागेचा. पिंजरा जमिनीपासून उंच असून त्याचा तळ लेंडी खाली पडेल असा जाळीचा असावा, व बसण्यास एक फळी द्यावी. लेंडी रोज काढावी. पाणी उघड्या भांड्यात ठेवल्यास ते लेंडीने खराब होते, सबब नळीची बाटली लावावी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि सशास ३० अंशांच्या वर त्रास होऊ लागतो. म्हणून छपरावर तणस टाकून ते भिजते ठेवावे. उन्हाने कासावीस झालेला ससा खाणे सोडतो, आणि खाणे सुटले की आतड्याची गती थांबते. पिंजरा रिकामा झाल्यावर तो खरडून, धुऊन, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसून कडक उन्हात ठेवावा.

सहावा नियम नव्या जनावराचा. विकत आणलेला ससा निदान तीन आठवडे वेगळा ठेवावा, व त्याचे काम आपल्या सशांनंतर करावे.

रोग दिसल्यास काय करावे

ससा खाणे सोडून कुबड काढून बसला, दात खाऊ लागला, अथवा शेपटी ओली दिसली, तर उद्यावर टाकू नये. त्यास वेगळा काढावा. खुराक व हिरवा चारा बंद करून फक्त वाळले गवत व स्वच्छ पाणी ठेवावे. अंग गार लागल्यास गोणपाटात गुंडाळून ऊब द्यावी. दवाखान्यात पोचेपर्यंत मीठ-साखरेच्या क्षारसंजीवनीचे पाणी थोडे थोडे, तोंडाच्या कडेने पाजण्यास हरकत नाही. परंतु ससा गिळत नसल्यास जबरदस्तीने ओतू नये, ते फुप्फुसात जाते. मागील भाग कोमट पाण्याने पुसून कोरडा करावा. पावसाळ्यात घाणीवर माशी बसून थोड्याच वेळात किडे पडतात.

ताजी लेंडी स्वच्छ डबीत घेऊन, सशासह त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ससा मेला तर तो फेकून न देता बर्फाबरोबर बांधून शवपरीक्षेसाठी न्यावा. एका मेलेल्या सशाची परीक्षा मागे राहिलेल्या दहांस वाचवू शकते. गावच्या दवाखान्यात सोय नसल्यास तेथील डॉक्टरांस विचारून नमुना नागपूरच्या पशुवैद्यक महाविद्यालयाकडे पाठविता येतो. हे महाविद्यालय १९५८ सालचे असून गोंदियाहून तेथे रेल्वेने जाता येते. परीक्षा झाल्यावर प्रेत खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, कुत्र्यांस मिळू देऊ नये. आणि खरे सांगावयाचे तर, पातळ हगवण लागलेले पिल्लू औषधानेही क्वचितच वाचते. आपली धडपड उरलेल्यांसाठी आहे, हे मनाशी ठेवावे.

शेवटचे दोन शब्द

गेल्या पावसाळ्यापूर्वी आम्ही व भाच्याने मिळून माळ्यावर वाळले गवत रचले होते. गिरणीकडे कोणी गेले नाही. त्या वेळी वाचलेल्या तिसऱ्या मादीच्या लेकी आता पिलावळीत आहेत. एकवीस पिल्ले चाळिसाव्या दिवशी तोडली; त्यांपैकी दोन गेली, आणि त्या दोन्हींच्या लेंडीत कॉक्सिडिया निघाल्याने डॉक्टरांनी बाकीच्यांस वेळीच औषध दिले. एकोणीस विकली गेली. भाच्याने त्या पैशातून प्रथम एक शेळी घेतली, व हे योग्यच केले असे आम्हांस वाटते. एकाच धंद्यावर सारा भार टाकण्याची चूक त्याच्याकडून आम्हीच एकदा करविली होती.

नोंदवही आता तोच लिहितो. त्याने एक सहावा रकाना वाढविला आहे: औषध कोणते दिले व कोणी सांगितले. हा रकाना आमच्या वहीत पहिल्या दिवसापासून असता, तर त्या दोन माद्यांना पाजण्यापूर्वी आमचा हात कदाचित थबकला असता. ज्या शेतकरी बंधूंनी ससे पाळले आहेत अथवा पाळण्याचे योजिले आहे, त्यांनी पिंजऱ्याआधी गवताची गंजी व औषधाआधी ही वही तयार करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.